एकमताने मंजूर

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या अख्ख्या वस्तीने हात वर केले आणि दवाखान्याचं दार स्वतःच्याच तोंडावर लावून घेतलं. सगळ्यात पहिला हात माझ्या आईचा होता. तो वर करायला लावणारा माझा सख्खा भाऊ होता. घरातली गोष्ट म्हणून हळू आवाजात सांगावं, असं मला वाटत नाही. मी एसटीत कंडक्टर आहे, हळू बोलण्याची सवय मला नाही.

आमचं गाव रोहण्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. घरात आम्ही तिघी, माझी आई अन्नपूर्णा, मी आणि माझी मुलगी पौर्णिमा. पौर्णिमाला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात आणि नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असं दुखणं उठतं की धट्टंकट्टं माणूसही जमिनीवर लोळतं. मग सलाईन, ऑक्सिजन, इंजेक्शन, कधी रक्त, हे जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. उशीर झाला की त्या पेशी कुठे जाऊन बसतील याचा नेम नाही. शाळेच्या तपासणीत पोरीला लाल कार्ड, म्हणजे रोग पक्का असल्याचं, मिळालं, त्याच वर्षी तिचे वडील पुण्याला कामाला गेले आणि तिकडचेच झाले. गेले ते बरंच झालं.

मागच्या वर्षी दिल्लीने एक कायदा केला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आमच्याकडे सगळे त्याला 'दाराचा कायदा' म्हणायचे. कारण त्यातली एकच गोष्ट आमच्या कामाची होती. जिवावरचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला देशातल्या कोणत्याही दवाखान्याने, सरकारी असो की खासगी, दारातून परत पाठवायचं नाही. आधी आत घ्यायचं, बाकीचं मग बोलायचं.

आमच्या फाट्यावर डॉक्टर भूपेंद्रचा दोन मजली दवाखाना आहे. हा डॉक्टर म्हणजे आमच्या सरपंचाचा, किराणा दुकानवाल्या पुंडलिकरावांचा, भाचा. पूर्वी तिथे सिकलसेलचं नाव काढलं की काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणायची, "आमच्याकडे घेत नाही, वर्ध्याला न्या." कायदा आला त्या दिवाळीत पौर्णिमाच्या पाठीत दुखणं उठलं. मी तिला पाठुंगळी घेऊनच तिथे गेले. डॉक्टर स्वतः बाहेर आला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता, पण दार उघडलं. सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत पोरगी उठून बसली आणि चहा दे म्हणाली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आनंदाने रडायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

हा कायदा राज्याला झोंबला. खासगी डॉक्टरांची ओरड तर पहिल्या दिवसापासून होती, पण राज्याने कोर्टात डॉक्टरांचं नावही घेतलं नाही. राज्य म्हणालं, आरोग्य हा विषय संविधानाने आम्हाला दिलाय. दवाखाने आमचे, त्यांचे नियम आमचे, दिल्लीला यात कायदा करण्याचा अधिकारच नाही, सबब हा कायदा रद्द करा. ही केस लढणाऱ्या वकिलांच्या हाताखाली नागपूरचा एक तरुण वकील घेतला होता. तो रुपेश, माझा धाकटा भाऊ.

बाबा गेले तेव्हा रुपेश बारावीत होता. माझ्या डबल ड्युट्यांवर तो वकील झाला. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवते. त्याला पदवी मिळाली त्या दिवशी आईने त्याच्या हातात संविधानाची प्रत ठेवली. आमच्यात ही रीत आहे. लग्न असो, बारसं असो, नवं घर असो, नारळ-सुपारीऐवजी संविधान देतात. आईला फार वाचता येत नाही, पण उद्देशिका तिला तोंडपाठ. विहारात ती म्हणायला लागली की मागच्या बाया आपोआप सूर धरतात. तिने हात जोडले की सगळ्या जोडतात, ती उठली की सगळ्या उठतात. रुपेशला हे चांगलं ठाऊक होतं. त्याच आईच्या पदराखाली तो मोठा झालाय.

लोक आपल्या पाठीशी आहेत हे राज्याला कोर्टात दाखवायचं होतं, म्हणून गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव गोळा करणं चाललं होतं. वर्धा जिल्ह्याचं काम रुपेशकडे आलं. त्याने सुरुवात आपल्याच गावापासून केली, आणि दिवस निवडला सव्वीस जानेवारीचा.

त्या दिवशी वस्तीतल्या साऱ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून शाळेच्या मैदानावर आल्या. झेंडा झाला, आईने उद्देशिका म्हटली, पोरांना बुंदी वाटली. मग तिथेच सतरंज्यांवर ग्रामसभा बसली. पुंडलिकरावांनी टेबलावर संविधानाची प्रत ठेवून तिला कपाळ टेकवलं. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा त्या पुस्तकाला हात लावला असेल. आमच्या वस्तीच्या विहाराला जागा द्यायची होती तेव्हा हाच माणूस त्याविरुद्ध कोर्टात गेला होता. मला तिथेच हसू आलं. बाकी कोणी हसलं नाही, सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

रुपेशने माईक घेतला. काळा कोट, स्वच्छ मराठी. म्हणाला, "कोणता विषय दिल्लीचा आणि कोणता राज्याचा, हे संविधानात लिहून ठेवलंय. आज त्यांनी आरोग्य नेलं, तर उद्या पाणी नेतील, परवा जमीन नेतील. हा ठराव कोणत्या कायद्याच्या विरोधात नाही. हा ठराव संविधानाच्या बाजूने आहे."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"रुपेश, पौर्णिमाले दुखणं उठलं तं मी तिले कुठं नेऊ, तेवढं सांग."

"ताई, हा एका माणसाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"राज्याचा विषय हाय ना? मंग इतक्या वर्षांत राज्यानं फाट्यावर एक दवाखाना काऊन नाई बांधला? उपकेंद्राले कुलूप हाय ते कोणाचं, दिल्लीचं?"

"मेघाताई, खाली बसा," पुंडलिकराव म्हणाले. मागून आमच्याच वस्तीतली एक बाई म्हणाली, "भाऊ मोठा झाला तं हिले पाहवून नाई राह्यलं." बाकीच्या बाया फिसकन हसल्या. मी त्या बाईचा चेहरा लक्षात ठेवलाय, आजही ती माझ्या बसमध्ये चढली की मी तिच्याकडे पाहत नाही.

मग रुपेश माईक घेऊन खाली आला आणि थेट आईसमोर जाऊन वाकला. "आई, संविधानाच्या बाजूनं कोण कोण हाय? हात वर कर." स्वच्छ मराठी टेबलावरच राहिली होती, आईशी तो घरच्या बोलीत बोलला. आईचा उजवा हात वर गेला. तिने विचार केला नाही, कारण त्या शब्दापुढे विचार करायची आमच्याकडे रीतच नाही. आईच्या मागे पांढऱ्या साड्यांच्या रांगेतले सारे हात वर गेले, मग पुरुषांचे, मग बाजारओळीतल्या दुकानदारांचे. माझा हात मांडीवर होता. मी तो मूठ करून दाबून धरला होता.

"एकमताने मंजूर," ग्रामसेवकाने सांगितलं.

"माहा हात खाली हाय!" मी ओरडले. "विरोधात कोण, ते तं विचारा!"

पण तोवर पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं होतं, आणि राष्ट्रगीत चालू असताना भांडता येत नाही. पुंडलिकराव ताठ उभे होते. रुपेशही.

घरी मी आईला धारेवर धरलं. ती पांढरी साडी घडी करत होती. म्हणाली, "त्यानं संविधान म्हटलं, मेघा. हात खाली कसा ठेवू मी? माह्या बापानं आयुष्यभर त्याच पुस्तकाच्या भरवशावर मान वर करून रस्ता चालला."

"अन् पौर्णिमा?"

"तो तिचा मामा हाय. तिचं वाईट होईन असं तो करन काय?"

त्याने मुद्दाम वाईट केलं असं मी आजही म्हणत नाही. त्याला पौर्णिमा आठवलीच नाही, हे मला जास्त लागलं. पोरीला सायकल शिकवणारा मामा तो. तत्त्वाचं पारडं भरताना ती त्याच्या हातातून कधी निसटली, त्याला कळलंही नाही.

मार्चमध्ये कोर्टाने कायद्याला स्थगिती दिली. निकाल लागेपर्यंत कायदा लागू नाही. रुपेशने नागपूरहून पेढे पाठवले. आईने ते वस्तीत वाटले, मी घरात एक ठेवू दिला नाही. पौर्णिमा त्याच महिन्यात अठरा वर्षांची झाली. मतदार यादीत नाव जाणार म्हणून ती खूश होती. म्हणाली, "आता माहाबी हात मोजतील, आई." मी म्हटलं, मोजतील, पण कशासाठी वर करते ते आधी विचारत जा.

चौदा एप्रिलला आमच्याकडे सण असतो. वर्षभर बाकी काही नसलं तरी चालेल, पण त्या दिवशी दारात निळा झेंडा, अंगावर नवे कपडे आणि चुलीवर खीर हवी. सकाळी वस्तीतून मिरवणूक निघाली. ऊन तापलं होतं. पौर्णिमा लेझीममध्ये नव्हती, तिला मी परवानगीच दिली नव्हती. ती आजीसोबत नुसती चालत होती. विहारापाशी ती थांबली आणि म्हणाली, "आजी, माहा हात झोपला." मग डोकं धरून खाली बसली. बोलायला गेली तर शब्द जड निघत होते.

मी एकशे आठला फोन केला. गाडी दुसऱ्या केसवर गेली होती. सुट्टी असल्याने उपकेंद्राला कुलूप होतं, आणि सुट्टी नसती तरी असतंच. शेजारच्या ऑटोत घालून आम्ही तिला फाट्यावर आणलं.

काउंटरवरच्या बाईने या वेळीही मान वर केली नाही. "सिकलसेल घेत नाही. वर्ध्याला न्या."

"दिवाळीत घेतलं होतं ना!"

"तेव्हा कायदा होता."

मी आरडाओरड केली तशी आतून डॉक्टर भूपेंद्र आला. शर्टाच्या खिशाला त्यानेही निळी फीत लावली होती. सणाचा दिवस, निम्मे पेशंट आमच्याच लोकांतले. पौर्णिमाकडे त्याने लांबूनच पाहिलं. तिच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता, ते त्याला दिसलं. मला दिसलं की त्याला दिसलं.

"ताई, हे डोक्यातलं वाटतं. माझ्याकडे सोय नाही. वेळ घालवू नका."

"सोय नसू द्या. सलाईन लावा, ऑक्सिजन लावा, अन् तुमच्या गाडीनं पुढं पाठवा. इतकं तं करा."

"रस्त्यात काही झालं तर उद्या तुम्हीच माझ्या काचा फोडाल. मला कायद्याने बांधलेलं नाही आता." मग थांबून, अगदी शांतपणे, "आणि मी नाही बंद केला तो कायदा. पहिला हात तुमच्या आईनेच वर केला म्हणे. आमचे मामा सांगत होते."

आई तिथेच उभी होती. नवी कोरी पांढरी साडी, खांद्यावर नातीचं डोकं. तिने पौर्णिमाला आणखी जवळ ओढलं. मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

बाहेर आले तेवढ्यात वर्ध्याची बस आली. ड्रायव्हर मोतीलाल आणि कंडक्टर, दोघेही आमच्याच डेपोचे. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. पौर्णिमाला मागच्या बाकावर आईच्या मांडीवर झोपवलं आणि मोतीलालला म्हटलं, "थेट वर्धा. मधात कुठंच थांबू नको."

"लिहून द्यावं लागन ताई, डेपोत."

"मी देईन. चल."

गाडी निघाली. पहिला थांबा मागे गेला तसा एक जण पिशवी घेऊन उठला. "ओ, मले इथं उतरायचं हाय!" दुसरा म्हणाला, "घरची गाडी समजली काय?" मी म्हटलं, "हो, समजली." कोणी शिव्या दिल्या, कोणी व्हिडिओ काढला. रोज मी याच लोकांना तिकिटं देते, बाळंतिणींना जागा करून देते, म्हाताऱ्यांचा हात धरून उतरवते. त्या दिवशी पोरीला वारा लागावा म्हणून एका माणसानेही खिडकी सोडली नाही. आई सारखी पौर्णिमाचा उजवा हात चोळत होती, आणि तो हात सोडला की बाकावरून खाली लोंबत होता.

वर्ध्याच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. रक्त बदललं, काय काय केलं. चौथ्या दिवशी तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं. हात परत आला नाही. "थोडं आधी काही मिळालं असतं तर..." तिथली डॉक्टरीण म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं.

रुपेश नागपूरहून आला, हातात फळांची पिशवी. पौर्णिमा त्याला म्हणाली, "मामा, सायकल आता एका हातानं शिकवा लागन." ती हसत होती. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले.

"रड," मी म्हटलं. "पण कोर्टात जाऊन रड. सांग त्याइले, माह्या भाचीचा हात गेला म्हणून."

"ताई, भूपेंद्रकडे हे जमलंच नसतं. तो लहान दवाखाना हाय."

"नसतं जमलं. पण सलाईन तं लागलं असतं? दार तं उघडलं असतं?"

"कायद्याचा हेतू वाईट होता असं मी कधी म्हटलं? पण चांगल्या हेतूनं केलं म्हणून संविधान मोडता येत नाई. उद्या हाच अधिकार वाईट माणसाच्या हातात गेला तं?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. आई मागून कधी आली कळलं नाही. तिने विचारलं, "खरंच लिहिलं हाय काय रे तसं? दवाखाने राज्याचे म्हणून?"

"हो आई. लिहिलं हाय. खोटं नाई सांगितलं मी."

"बरं." आईने पदर सावरला. "अन् हात वर केला तं पौर्णिमाचं दार बंद होते, हेबी ठाऊक होतं तुले?"

रुपेशने मान हलवली.

"हेबी खरंच होतं. मंग हे काऊन नाई सांगितलं?"

तो वाकून तिच्या पाया पडायला गेला. ती मागे सरकली. आईला कोणी नमस्कार करतंय आणि ती मागे सरकतेय, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर आई विहारात जायची, पण मागे बसायची. उद्देशिका दुसरी कोणी म्हणायची. मी मात्र कामाला लागले. जानेवारीचा ठराव मागे घ्यावा, असा विषय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावा म्हणून सह्या गोळा केल्या, ग्रामसेवकाच्या डोक्यावर बसले. पुंडलिकरावांनी पाय ओढले, पण विषय टाळणं त्यांना जमलं नाही. एका गावाने ठराव मागे घेऊन कोर्टात काही हलणार नव्हतं, हे मला कळत होतं. पण माझ्या पोरीच्या गावाच्या नावावर ते 'एकमताने' राहू देणं मला सहन होत नव्हतं. आईने रुपेशला फोन केला. इतकंच म्हणाली, "पंधरा ऑगस्टले येजो."

पुन्हा तेच मैदान, त्याच सतरंज्या. रुपेशला पुंडलिकरावांनी आग्रहाने आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. आई या वेळी बाजूला, पौर्णिमाला टेकू देऊन बसली होती. मी विषय वाचून दाखवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुंडलिकराव म्हणाले, "संविधानाच्या बाजूनं दिलेला शब्द मागे घ्यायचा, असा हा विषय आहे. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी हात वर करावे."

माझा हात वर गेला. शेजारी एक-दोन गेले. वस्तीतल्या बाया मात्र आईकडे पाहत होत्या. आईचे हात मांडीवर होते. पुंडलिकराव ग्रामसेवकाकडे वळून म्हणाले, "झालं, लिहा."

"आजी," पौर्णिमा म्हणाली. तिचं नाव आता यादीत होतं. "माहा हात वर कर."

"डावा कर ना मायबाई," कोणीतरी म्हणालं.

"डावा नाई. उजवाच. आजी, उजवाच वर कर."

आईने दोन्ही हातांनी तिचा उजवा हात उचलला, मनगटाखाली धरला आणि डोक्यावर नेला. तो हात कोपरातून वाकत होता, बोटं खाली पडत होती. आईने ती आपल्या तळव्याने सरळ केली आणि तसाच वर धरला.

ग्रामसेवक गोंधळला. पुंडलिकराव म्हणाले, "असं कसं चालेल? ज्याचा हात त्यानं वर करावा. दुसऱ्यानं उचललेला हात आपण मोजत नाही. काय वकीलसाहेब, नियम काय म्हणतो?"

रुपेश हळू म्हणाला, "नियमानं... मतदारानं स्वतः..."

"बरोबर हाय तुहा नियम," आई म्हणाली. माईक नव्हता, पण उद्देशिका म्हणणारा आवाज होता तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हिनं मले सांगितलं, अन् मी हिचा हात उचलला. जानेवारीत माहा हात तुनं उचलला, रुपेश. कशासाठी उचलून राह्यला ते सांगितलं नाई. तो मोजला. मंग हा काऊन नाई मोजत?"

पुंडलिकराव माईकची वायर चाचपू लागले. रुपेश खाली पाहत होता. मी त्याच्याकडे रोखून पाहत राहिले, मला त्याची दया येत नव्हती. बऱ्याच वेळाने तो खुर्चीतून उठला आणि ग्रामसेवकाला म्हणाला, "मोजा."

तेव्हा पांढऱ्या साड्यांतले हात एकेक करून वर यायला लागले. सगळे नाही. मला टोमणा मारणारी ती बाई खालीच पाहत होती, आणि बाजारओळीतला एकही हात हलला नाही. ग्रामसेवक सतरंज्यांमधून फिरून मोजायला लागला. मी मोठ्याने म्हटलं, "विरोधातलेबी मोजजा या वेळी." तो मान हलवून पुढे गेला. पौर्णिमाचा हात त्याने मोजला. मग तो आईपुढे थांबला. तिचे दोन्ही हात नातीच्या हातात गुंतले होते.

"आजी, तुमचा?"

"माहा जानेवारीतच मोजून झाला," आई म्हणाली.